डॉक्टरकाकांच्या जीपचं छप्पर

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

मागच्या महिन्यात हडपसरला एका मित्राकडे गेलो होतो. मित्र म्हणजे वयाने मोठा, आम्ही त्याला दादाच म्हणतो. अंगणात त्याच्या वडिलांची जीप उभी आहे. १९६७ची सीजे-३बी, उंच बॉनेटची, पेट्रोलवर चालणारी. वडील डॉक्टर. दिवे घाटाच्या वर आमच्या भागातल्या गावांमधून त्यांनी आयुष्यभर प्रॅक्टिस केली, ती याच जीपमधून. माझ्या लहानपणी या गाडीचा आवाज लांबून ओळखू यायचा आणि कुणाच्या घरी कोण आजारी आहे हे अख्ख्या आळीला कळायचं.

दादाचा चेहरा उतरलेला होता. त्याला गाडीची विंटेज म्हणून नोंदणी करायची आहे. कागद बघायला एक एजंट आलेला. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, वर हात आपटला आणि म्हणाला, "साहेब, हे छप्पर ओरिजिनल नाही. आधी कापून काढा, मग बघू."

आत ओट्यावर काकू बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "कापायचं तर कापा, पण पत्रा भंगारात द्यायचा नाही."

मी निघालो, पण ते छप्पर काही डोक्यातून जाईना. त्यात काकूंच्या शब्दाचं ओझं होतं, आणि एजंट म्हणाला ते 'ओरिजिनल' म्हणजे नेमकं काय हा प्रश्नही. गेले तीन-चार आठवडे मी याच्याच मागे आहे. जे हाती लागलं ते सांगतो.

सुरुवात 'टप' या शब्दापासून करू. टांग्याला टप असायचा, बग्गीला असायचा. ऊन नसेल, पाऊस नसेल तर मागे दुमडायचा. मोटारी आल्या तेव्हा त्याही टपाच्याच होत्या. लोखंडी कमानी, त्यावर ताडपत्रीसारखं जाड कापड. १९२०च्या सुमारापर्यंत जगातल्या बहुतेक मोटारी अशाच उघड्या असायच्या. बंद गाडी म्हणजे श्रीमंतांची चैन, कारण लाकडाच्या सांगाड्यावर हाताने बांधलेलं ते काम महाग पडायचं. अमेरिकेत एसेक्स नावाच्या कंपनीने १९२२ साली बंद गाडी बरीच स्वस्त करून विकायला काढली आणि पुढच्या सात-आठ वर्षांत चित्र उलटं झालं. बंद गाडी नेहमीची, उघडी गाडी हौसेची.

आता यात एक गंमत आहे. त्या बंद गाड्यांचं छप्परसुद्धा पूर्ण पत्र्याचं नव्हतं. कडेकडेने पत्रा आणि मधोमध एक मोठी चौकट, तीवर डांबरी कापड ताणून बसवलेलं. कारण साधं होतं. तेवढ्या रुंदीचा अखंड पत्रा लाटणाऱ्या गिरण्या आणि तो एका ठोक्यात दाबणारे प्रेस तेव्हा नव्हते. जनरल मोटर्सने १९३५च्या मॉडेलना पहिल्यांदा अखंड पोलादी छप्पर दिलं आणि 'टरेट टॉप' म्हणून त्याची जोरात जाहिरात केली. विंटेज रॅलीत १९३०च्या आसपासची एखादी बंद गाडी दिसली तर जरा उंचावरून तिच्या डोक्यावर नजर टाका, मधला कापडी चौकोन दिसेल. म्हणजे ज्या गाड्यांना आपण 'ओरिजिनल हार्ड टॉप' म्हणतो त्यांच्याही टाळूला भोक होतंच.

आपल्याकडचा माझ्या मते सगळ्यात सुंदर दाखला एसटीचा आहे. १ जून १९४८. अहमदनगर-पुणे मार्गावर पहिली एसटी धावली. आज त्या शहराचं नाव अहिल्यानगर आहे. वाहक होते लक्ष्मणराव केवटे. त्या गाडीचं जे वर्णन सांगितलं जातं त्यात लाकडी सांगाडा आहे आणि वर कापडी छप्पर आहे. आपल्या लाल परीची पहिली पिढी कापडाखाली बसून आली! पुढे महामंडळाची दापोडीची कार्यशाळा उभी राहिली, ॲल्युमिनियमच्या बॉडी आल्या, आणि टप इतका भक्कम झाला की त्यावर सायकली, कोंबड्यांच्या डालग्या, भाजीच्या पाट्या आणि लग्नाच्या वऱ्हाडाचं सगळं सामान चढू लागलं. माझ्या पिढीला 'टप' म्हटलं की दुमडणारं कापड आठवत नाही, एसटीच्या मागची शिडी आठवते. शब्द तोच, वस्तू उलटी झाली. पूर्वी काढता येतो तो टप होता, आता ज्यावर चढता येतं तो.

रिक्षा मात्र अडून राहिली. नवलमल फिरोदियांनी मालवाहू तीनचाकीवरून माणसं नेणाऱ्या रिक्षाची कल्पना पुढे नेली ती याच १९४०च्या दशकाच्या अखेरीस, आणि आज इतक्या वर्षांनीही पुण्याच्या रिक्षावर रेक्झिनचं हूडच आहे. नाना पेठेत हूड शिवणारे बसतात, फाटलं की नवं घालून देतात. तीन चाकांवर उभ्या गाडीच्या डोक्यावर लोखंड चढवलं की ती वळणावर कलंडायला बघते, त्यामुळे हलकं हूड तिला सोयीचं. शिवाय पत्र्याला पोचा आला की डेंटिंगवाला शोधावा लागतो, हूडला सुई-दोरा पुरतो.

आता जीपकडे येऊ.

जीप ही मुळात लढाईची गाडी. १९४१पासून अमेरिकेत विलीज आणि फोर्डने ती बनवली. तिला छप्पर म्हणजे दोन कमानी आणि एक कापड. पुढची काच बॉनेटवर आडवी पाडता यायची. लष्कराला गाडी बुटकी, हलकी, झाडीत लपणारी आणि चटकन उडी मारून उतरता येणारी हवी होती. छप्पर ही त्यांच्या हिशेबात अडचणच. युद्ध संपल्यावर लष्कराच्या लिलावांतून जुन्या जीपा बाहेर आल्या. आमच्याकडे जुनी माणसं अजून 'डिस्पोजलची जीप' म्हणतात. मग महिंद्रांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीजचे सुटे भाग आणून जीप जोडायला सुरुवात केली, आणि तीच पुढे इंजिनिअर, फॉरेस्टवाले, फौजदार, साखर कारखान्याचे चेअरमन आणि आमच्या डॉक्टरकाकांसारखे लोक यांच्यापर्यंत पोचली. सीजे-३बीचं बॉनेट उंच का, तर तिच्या हरिकेन इंजिनाचे आत ओढणारे व्हॉल्व्ह वर आले, इंजिनाची उंची वाढली आणि त्यावर झाकण घालायला बॉनेट वर उचलावं लागलं. गाडी बदलली, इंजिन बदललं, छप्पर मात्र कापडाचंच राहिलं. जे छप्पर युद्धात नको होतं तेच आमच्या डोंगरपट्ट्यात चार महिने पाऊस झेलायला आलं.

ते कापडी हूड ज्यांनी अनुभवलं असेल त्यांना सांगायला नको. बाजूचे पडदे, त्यांना पारदर्शक खिडक्या, त्या दोन वर्षांत पिवळ्या पडतात आणि चिरतात. काचेच्या वरच्या पट्टीत कापड अडकवलेलं असतं, तिथून पाणी बरोबर ड्रायव्हरच्या गुडघ्यावर. मागच्या बाजूला दोऱ्या आणि पट्टे. जोराच्या वाऱ्यात सगळं फडफडतं. उन्हाळ्यात मात्र झकास, हे मान्य केलं पाहिजे.

डॉक्टरकाकांनी ही गाडी १९७३ला सेकंडहँड घेतली. पाच वर्षं कापडावर काढली. १९७८च्या पावसाळ्यात एका रात्री वरच्या एका वाडीतून एका बाळंतिणीला ते पुण्याला, ससूनला आणत होते. दिवे घाटात वारं असं काही सुटलं की मागची दोरी तुटली आणि हूड मागून उलटं झालं. बाई मागे, तिची सासू तिच्या अंगावर घोंगडी धरून, आणि वरून पाऊस. काका गाडी थांबवून हूड बांधायला उतरले तेव्हा ती म्हणाली म्हणे, "डाक्टर, भिजू द्या, पण थांबू नका." बाई वाचली, मूलही वाचलं. ही हकिगत काकूंनी मला त्या दिवशी ओट्यावर सांगितली, अगदी कोरड्या आवाजात, आणि शेवटी म्हणाल्या, "दुसऱ्या आठवड्यात छप्पर बसवून आले."

मंगळवार पेठेतल्या एका मिस्त्रीने ते बसवलं. मिस्त्री आता नाहीत. पण त्यांच्याच हाताखाली शिकलेले एक चाचा अजून आहेत, सत्तरीच्या पुढचे. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी चक्कर असतेच त्यांची, पत्र्याच्या कात्र्या आणि जुने हातोडे बघत. त्यांना मी गाठलं आणि विचारलं, "चाचा, कापडाच्या जीपवर पत्र्याचं छप्पर कसं बसवायचे तुम्ही?"

चाचांनी आधी माझ्याकडे असं पाहिलं की हा पेपरवाला, याला काय कळणार. मग बोलायला लागले आणि एक तास थांबले नाहीत.

जीपची बॉडी म्हणजे टब. खाली शिडीसारखी चॅसिस, वर हा टब बोल्टांवर ठेवलेला. गाडीची ताकद चॅसिसमध्ये, त्यामुळे छप्पर असलं-नसलं तरी गाडी वाकत नाही. ॲम्बॅसेडर किंवा पद्मिनीचं तसं नाही, त्यांची बॉडी हाच सांगाडा. मिरवणुकीसाठी म्हणून कुणी त्यांचं छप्पर कापलं की वर्षभरात दारं लागेनाशी होतात, मधून गाडी बसते. जीपला ती भीती नाही. पण जीपची भीती वेगळी. तिची चॅसिस खडबडीत रस्त्यावर पिळते. एक चाक खड्ड्यात, एक दगडावर, की पुढचा भाग एकीकडे आणि मागचा दुसरीकडे. कापड ते सहज सोसतं. पत्र्याचं छप्पर पुढे काचेच्या चौकटीला आणि मागे टबाला घट्ट वेल्डिंग करून टाकलं तर पीळ जाणार कुठे? मग कोपऱ्यातलं वेल्डिंग सुटतं किंवा काच तडकते. "घाईचा मिस्त्री वेल्डिंग मारतो," चाचा म्हणाले. "आमचे उस्ताद बोल्ट घालायचे. बोल्टाखाली ट्यूबचं रबर. गाडीला अंग मोडायला जागा ठेवायची."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं.

पत्रा १८ गेजचा, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर. २० गेजचा घेतला तर हलका पडतो पण ढबढब वाजतो. (गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे मला या वयात कळलं.) एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा जवळजवळ आठ किलो भरतो. जीपच्या छपराला अडीच चौरस मीटर धरले तरी नुसता वरचा पत्रा तेवीस-चोवीस किलो झाला. त्याखाली अँगलची चौकट, बाजूचे पत्रे, मागचं दार. हे सगळं वजन गाडीच्या सगळ्यात उंच जागी. तीन चाकं नसली म्हणून काय, जीपही ८० इंच व्हीलबेसची आखूड गाडी आहे, घाटाच्या वळणावर तिला वरचं वजन जाणवतंच. म्हणून चांगला मिस्त्री पत्र्याला आडव्या खोबणी पाडायचा. त्याने पत्रा पातळ घेऊनही ताठ राहतो आणि वाजत नाही. कडेने पन्हळ काढायची, नाहीतर दार उघडलं की पाणी मानेवर. आतून प्लाय आणि रेक्झिन, नाहीतर वैशाखात डोकं भाजतं. आणि सगळ्यात किचकट म्हणजे काचेच्या चौकटीवरचा सांधा. तिथे रबर नीट बसलं नाही तर कापडाचं पाणी बरं म्हणायची वेळ येते. शिवाय एकदा छप्पर काचेच्या चौकटीला धरलं की ती काच बॉनेटवर पाडता येत नाही. जीपची ती ओळखच गेली.

बाहेरच्या जगातही हाच सगळा गोंधळ झालेला आहे, फक्त थाट वेगळा. अमेरिकेत गॉर्डन ब्यूरिग नावाच्या डिझायनरने १९४८च्या एका प्रायोगिक गाडीत छपराचे दोन तुकडे काढता येतील अशी रचना केली. मधे एक दांडी, इंग्रजी 'टी'सारखी. पुढे १९६८च्या कोर्व्हेटला ती आली आणि 'टी-टॉप' म्हणून गाजली. कोर्व्हेटला खरं तर मधली दांडी नकोच होती, पण दांडी काढली तर गाडी पिळून तुकडे करकरायचे, म्हणून ती ठेवावी लागली. बघा, चाचांचा पीळ तिथेही आडवा आला. पोर्शची 'टार्गा' १९६५ला आली. उघडी गाडी उलटली तर डोक्यावर काही असावं म्हणून तिला मागे पोलादी कमान. सत्तरच्या दशकात उलटणाऱ्या गाड्यांसाठी कडक नियम येणार या धास्तीने अमेरिकी कंपन्यांनी पूर्ण उघड्या गाड्या बंदच करत आणल्या आणि हे निघणाऱ्या तुकड्यांचं छप्पर सगळीकडे झालं. मग कळलं की जितके सांधे तितक्या गळती. आज तिकडे अशा जुन्या गाड्यांचे मालक रबर बदलून बदलून थकतात, आणि त्यातले काही दुसऱ्या भंगार गाडीचं अखंड छप्पर कापून आणून आपल्या गाडीवर वेल्डिंग करतात. लगेच दुसरे हौशी त्यांच्यावर तुटून पडतात की तुम्ही गाडी बाटवलीत. पुण्यात असो की तिकडे, भांडण एकच आहे. गाडी वापरायची की जशीच्या तशी जपायची?

आपल्याकडे पत्र्याचं छप्पर पसरायला आणखी एक कारण झालं, जे कुणी कागदावर लिहिणार नाही. वडाप. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे हा शब्द घराघरात आहे. जीपा आणि नंतर ट्रॅक्स खासगी प्रवासी वाहतुकीला लागल्या. कापडाच्या जीपमध्ये आत जेवढे मावतील तेवढे. पत्र्याच्या जीपमध्ये आत मावतील तेवढे, अधिक टपावर बसतील तेवढे! वर कॅरिअर, मागे शिडी. बाजाराच्या दिवशी आत दहा आणि वर आठ हे चित्र माझ्या वयाच्या प्रत्येकाने पाहिलंय, आणि खरं सांगायचं तर टपावर बसून मीही गेलोय. अँगलच्या त्या चौकटी कुणी एवढ्या माणसांसाठी बांधल्या नव्हत्या. कंपन्यांनीही मग हा कल ओळखला. कमांडरसारख्या गाड्या कारखान्यातूनच पत्र्याच्या छपरासह मिळू लागल्या, १९९३ला आर्माडा आली ती पूर्ण बंद बॉडीची. मिस्त्रीचं काम कारखान्यात गेलं. आणि हौशी लोकांचं कापडही किती टिकलं बघा. २०१०ला थार आली ती कापडी छपराची. लोकांनी ती घेतली आणि बाहेरून फायबरचं छप्पर बसवलं. शेवटी २ ऑक्टोबर २०२०ला नवी थार बाजारात आली तेव्हा कंपनीनेच हार्ड टॉपचा पर्याय दिला. रस्त्यावर आज किती थार कापडाच्या दिसतात ते तुम्हीच मोजा.

आता कायदा. हा भाग कंटाळवाणा आहे, पण जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांनी तरी वाचाच.

१९३९च्या मोटार वाहन कायद्यात गाडीत बदल करायला बंदी नव्हती. नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं, मान्यता घ्यायची, तो नोंद करून देणार. १९८८च्या कायद्यात यासाठी कलम ५२ आलं. २०००च्या दुरुस्तीने ते कडक झालं, म्हणजे कंपनीने मुळात जे ठरवलंय त्याच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येणार नाही. ९ जानेवारी २०१९ला सुप्रीम कोर्टाने केरळातून आलेल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. रंग किंवा किरकोळ गोष्टी चालतील, मूळ रचनेला हात लावायचा नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत दंडही आला, बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आज कुणी जीपवर पत्र्याचं छप्पर बसवायला निघाला तर तो डॉक्टरकाकांच्या वाटेने जाऊ शकत नाही.

सुरक्षिततेच्या दृष्टीने मला हे पटतं. चाचांच्या उस्तादांसारखे हात दहात दोन. बाकीच्यांनी बसवलेलं छप्पर गाडी उलटली तर आतल्या माणसाला वाचवत नाही, त्याच्यावर बसतं. डोक्यावर पत्रा आहे म्हणून माणूस निर्धास्त होतो, हेच जास्त धोक्याचं.

पण जे १९७८ला झालं त्याचं काय? दादाने कपाटातून जुनं आरसी बुक काढलं. कापडी बांधणीचं, पानं पिवळी पडलेली. मी एकेक पान उलटत गेलो. मागच्या एका पानावर निळ्या शाईत नोंद होती, हार्ड टॉप, तारीख, शिक्का, सही. काकांनी मान्यता घेतली होती! दादाला हे माहीतच नव्हतं. बॉडी टाइपच्या पुढच्या नोंदीतही तेच चढलं होतं. म्हणजे त्या वेळच्या कायद्याने छप्पर बेकायदा नव्हतं आणि साध्या नोंदणीवर गाडी चालवायला त्याने अडचण येण्याचं कारण मला तरी दिसत नाही.

विंटेजचं गणित वेगळं. जुलै २०२१मध्ये केंद्राने त्याचे नियम काढले. गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी हवी, खासगी हवी, आणि मूळ स्वरूपात हवी. चॅसिस, बॉडी शेल, इंजिन यांत मोठा फेरफार नको. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, नंतर नूतनीकरणाला ५ हजार. आधीची नोंद असेल तर जुना नंबर ठेवता येतो. राज्याची समिती गाडी बघून ठरवणार. इथे 'मूळ स्वरूप' म्हणजे काय हे समिती बघणार, आरसी बुकातला शिक्का नाही.

आणि एक गोष्ट एजंटने दादाला सांगितलीच नव्हती. विंटेज नोंदणीची गाडी रोज रस्त्यावर चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. म्हणजे छप्पर ठेवलं तर पाच-पाच वर्षांनी तपासणी करून घ्या, फी भरा, पर्यावरण कर भरा आणि गाडी चालवा. छप्पर काढून विंटेज केली तर गाडी भंगार धोरणाच्या भीतीतून सुटली, पण दिवे घाट चढून गावाच्या जत्रेला जायचं म्हटलं तर नाही.

जुन्या गाड्यांची एक जागतिक संघटना आहे, फिवा. तिची ट्यूरिन सनद आहे. तिच्यात गाडीवर तिच्या वापराच्या काळात झालेले बदल हाही तिच्या इतिहासाचा भाग मानलाय, आणि फिवाच्या वर्गवारीत कारखान्यातून आली तशीच राहिलेली गाडी आणि त्या काळात बदललेली गाडी असे वेगळे वर्गच आहेत. आपल्या नियमात अशी सोय असायला हवी असं मला वाटतं. दहा वर्षांपूर्वी पंजाब-हरियाणाकडून हौसेने 'मॉडिफाय' करून आणलेली जीप आणि १९७८ला सरकारी शिक्का घेऊन डॉक्टरने रोग्यांसाठी छप्पर बसवलेली जीप या एका मापाने मोजायच्या गोष्टी नाहीत. आपल्याकडच्या जीपांचा पन्नास वर्षांचा खरा इतिहास बघाल तर तो या मिस्त्रींच्या पत्र्यातच आहे. कारखान्यातून निघाल्या तशा जीपा आपल्या रस्त्यांवर फारच थोड्या जगल्या. सगळ्यांची छपरं कापून त्यांना नवं कोरं हिरवं कापड घातलं की त्या दिसतील छान, पण त्या आपल्या जीपा राहणार नाहीत, सिनेमातल्या होतील. अर्थात हे माझं मत. दादाचं वेगळं आहे. त्याला लहानपणी पाहिलेली, काच पाडलेली जीप पुन्हा बघायची आहे, तेही खोटं नाही. त्याच्या वडिलांची गाडी आहे, माझी नव्हे.

मागच्या रविवारी चाचांना घेऊन हडपसरला गेलो. कापायचं म्हणून दादाने ग्राइंडरवाल्याला बोलावून ठेवलेलं. चाचांनी त्याला हातानेच थांबवलं, गाडीखाली वाकले, मग आत शिरले आणि रेक्झिनची कड उचकटली. चौदा बोल्ट. प्रत्येकाखाली ट्यूबचं रबर, वाळून दगड झालेलं, पण होतं. वेल्डिंग फक्त दोन ठिकाणी, तेही नंतर कुणीतरी मारलेलं. चाचांनी त्या दोन टाक्यांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे आमचं काम नाही."

दोन टाके ग्राइंडरने उडवले. बोल्टांना रात्रभर डिझेल पाजून ठेवलं. सोमवारी सकाळी आम्ही चौघांनी मिळून छप्पर सबंधच्या सबंध उचलून खाली ठेवलं, एक कापही न मारता. एक बोल्ट तेवढा तुटला. दादाने काचेचे खटके सोडले, तेल घातलं, आणि १९७८पासून उभी असलेली काच करकरत बॉनेटवर आडवी पडली. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत. आत जाऊन चहा घेऊन आल्या.

अर्ज अजून भरलेला नाही. दादा म्हणतो, पावसाळ्याच्या आत ठरवतो. चाचा म्हणतात नवी रबरं घालून छप्पर परत बसवायचं झालं तर एक दिवसाचं काम आहे. तोवर छप्पर अंगणात चार विटांवर ठेवलंय. परवा फोन केला तेव्हा कळलं, काकूंनी त्यावर जुनं लुगडं अंथरून कुरडया वाळत घातल्यात.

तुमच्याकडे असं पत्र्याचं छप्पर बसवलेल्या जुन्या जीपेचा फोटो असेल, किंवा आरसी बुकात अशी नोंद असेल, तर नंबर झाकून मला पाठवा. आणि मंगळवार पेठेत, नाना पेठेत ही कामं करणारे कुणी जुने मिस्त्री माहीत असतील तर जरूर कळवा. चाचांना त्यांना भेटायचंय.